सातव्या पावलावरचं स्टूल

पलंगापासून स्टुलापर्यंत सात पावलं. डावा हात खाली सोडला की बोटांना स्टुलाची कड लागते. तिथून उजवीकडे वळायचं आणि चार पावलं चाललं की ओटा. सात आणि चार, अकरा. डोळे गेल्यापासून सोळा वर्षं आई ही अकरा पावलं दिवसातून तीसेक वेळा तरी चालत होती, आणि त्यातल्या एकाही वेळी तिच्या हातात काठी नव्हती. पांढरी काठी दारामागे खुंटीला लटकलेली असायची. ती बाहेरची. "घरात काठी कशाला? घर काय माझ्या अंगावर धावून येणार आहे?" असं ती म्हणायची.

त्या घरात एकच कायदा होता. हलवलं तर बोलायचं. खुर्ची चार बोटं सरकली तरी "आई, खुर्ची सरकवली" असं मोठ्याने सांगायचं, आणि परत जागेवर ठेवली की तेही सांगायचं. शेजारच्या काकूसुद्धा उठताना "खुर्ची होती तिथे लावली हं" म्हणून जायच्या. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून तिचा दिवस असल्या घोषणांनी भरलेला. झोपेतही ती 'उशी सरकवली' असं पुटपुटते, अशी आई तिची टर उडवायची. सगळ्यांत पक्की जागा स्टुलाची. खिडकीखाली, भिंतीला लागून. त्यावर बसून आई शिंप्याकडून आलेल्या शर्टांना बटणं लावायची. इतक्या वर्षांत फरशीवर त्याच्या पायांची चार फिकट वर्तुळं उमटली होती.

मुलगी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. प्रत्येक बाटलीच्या, प्रत्येक तराजूच्या बुडाचा आकार तिने फळीवर रंगाने आखून ठेवला होता, आणि एखादी वस्तू रेघेबाहेर दिसली की तिचा जीव वरखाली व्हायचा. पोरांनी तिचं नाव ठेवलं फूटपट्टी. पुढे शिक्षकही तेच म्हणायला लागले.

फूटपट्टीला नाटकाचं वेड होतं. लहान गावांतल्या नव्या कलावंतांनी स्वतःचा प्रयोग उभा करायचा आणि त्यांना एक मुरलेला मार्गदर्शक द्यायचा, अशी एका संस्थेची योजना निघाली तेव्हा तिने अर्ज भरला. 'विषय' या रकान्यात एकच ओळ लिहिली: माझी आई घरात अकरा पावलं चालते. चौघांची निवड झाली, त्यांत ती होती.

"म्हणजे माझ्या चालण्याचं तिकीट लावणार तू?" आईने विचारलं.

"तिकीट नाही गं. आमंत्रितांसाठी आहे."

"मग तर आणखीच वाईट. सोळा वर्षांची मेहनत, आणि फुकटात दाखवायची." आईने दाताने दोरा तोडला. मग थोड्या वेळाने म्हणाली, "कर. पण एक सांगून ठेवते. एकही पाऊल खोटं घालायचं नाही. अकरा म्हणजे अकरा. तेवढंच आहे माझ्याकडे."

"शप्पथ."

मार्गदर्शक मोठ्या शहरातून दर पंधरवड्याला यायचे. गोदामासारख्या हॉलमध्ये खुर्ची उलटी करून, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून बसायचे आणि दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "इथे पॉज घे." पाठीमागे सगळे त्यांना पॉजसरच म्हणत. चौघांतला सायकलवाला, जो बापाच्या दुकानात पंक्चर काढता काढता बापाशीच भांडण्याचा प्रयोग बसवत होता, एकदा म्हणाला, "काल सरांनी इतके पॉज दिले की घरी जेवताना माझा घास तोंडापाशी थांबला. आई म्हणते, मीठ कमी पडलं का रे?"

पण माणूस मोठा होता. पाय उचलण्याआधी पाठीचा कणा काय करतो, हे फूटपट्टीला त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. आई आयुष्यभर समोर चालत होती, आणि हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पहिले सहा आठवडे ती पांढऱ्या चिकटपट्टीने आखलेल्या घरात अकरा पावलं चालली.

सातव्या आठवड्यात सर म्हणाले, "अकरा लांबतात. सहाव्या पावलाला प्रेक्षक खोकतो बघ. नऊ कर. स्टूल दोन पावलं अलीकडे घे, आणि वीतभर उजवीकडे ओढ. डावीकडच्या रांगांना तुझी बोटं दिसत नाहीत."

"पण सर, आईचं स्टूल सातव्या पावलावर..."

"तुझी आई प्रेक्षकांसाठी चालत नाही. तू चालतेस."

हे खरं होतं. तिने वहीत सातावर काट मारून पाच लिहिले. घरी गेल्यावर आईला सांगावं असं मनात आलं. पण आई काकूंशी हसत बोलत होती, मग जेवण झालं, मग राहिलं. काहीतरी हलवलं आणि ती बोलली नाही, असं पहिल्यांदा घडलं.

प्रयोगाची सुरुवात सरांनी अशी ठरवली: डोळे मिटून, डाव्या हातात स्टूल घेऊन तिने यायचं, पाच पावलं चालायचं आणि स्टूल नेमकं खुणेवर टेकवायचं. खूण चुकली की पुन्हा. फूटपट्टीने दर वेळची चूक मोजून वहीत आलेख काढला. पहिल्या दिवशी एकतीस सेंटिमीटर. महिन्याभरात रेघ दोनापर्यंत उतरली. मग सर म्हणाले, "हे हॉलचं स्टूल खोटं आहे. टेकवलं की पोकळ वाजतं. घरचं आण."

त्या रविवारी सकाळी तिने सांगितलं, "आई, स्टूल नेते. संध्याकाळी आणीन."

"ने. मी पलंगावर बसून बटणं लावते. राजासारखी."

त्या दिवशी तिने घरचं स्टूल बेचाळीस वेळा डोळे मिटून ठेवलं. शेवटच्या अकरा वेळा चूक एका बोटाइतकीही नव्हती. पाचच्या सुमाराला ती घरी आली. आई पलंगावर पडून रेडिओ ऐकत होती. फूटपट्टी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, स्टूल डाव्या हातात होतंच, आणि तिला वाटलं, घरी जमतंय का बघू. ऐट होती ती, दुसरं काही नाही. तिने डोळे मिटले, पाठ आईसारखी केली, चालली आणि स्टूल टेकवलं. आवाज बरोबर आला. पट्टीवर ठेवल्यासारखं बसलं, हे हातालाच कळलं.

"आई, स्टूल ठेवलं," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. सरांचा. घरात नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ती खिशातून फोन काढत, स्क्रीनकडे बघतच दाराबाहेर गेली.

"अगं, मी शेवटाचा विचार करतोय," सर म्हणत होते. "शेवट अजून हाताला लागत नाहीये..."

आतून आधी लाकूड आपटल्याचा आवाज आला. मग आईचा.

रुग्णवाहिकेत आई वेदनेपेक्षा हिशेबातच अडकली होती. "पाच झाली होती गं. सहावं टाकत होते. निदान मला तरी तसं वाटलं." मग तिने मुलीचा हात चाचपून धरला. "स्टूल जागेवर होतं ना?"

"हो," फूटपट्टी म्हणाली.

"मग मीच चुकले."

आईचे कपडे न्यायला ती घरी आली तेव्हा खिडकीखाली चार फिकट वर्तुळं रिकामी होती आणि स्टूल दोन पावलं अलीकडे, वाटेत आडवं पडलेलं होतं. तिने ते उचलून वर्तुळांवर ठेवलं. एकेक पाय नीट बघून ठेवला. मोठ्याने सांगायला घरात कोणी नव्हतं.

मांडीच्या हाडात सळई घातली. दोन महिन्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की हाड छान जुळलंय, आता चालायलाच हवं. आईचा पाय तयार होता, आई नव्हती. पलंगाच्या कडेवर बसून ती पाय खाली सोडायची, उभी राहायची, एक पाऊल टाकायची, दुसरं टाकायची आणि थांबायची.

"हे दोन की तीन?"

"दोन."

"नक्की?"

आणि बसायची. शर्टाची बटणंही ती दोनदोनदा मोजायला लागली. मग शिंप्याला तिने नको म्हणून कळवलं. "माणूस चुकतं गं, त्याचं काही नाही," ती एकदा म्हणाली. "पण चुकले ते मला कळलंसुद्धा नाही. मग आता रोज काय काय चुकत असेन?"

फूटपट्टी रोज तोंड उघडायची. "आई..."

"काय गं?"

"चहा ठेवू?"

सर फोनवर हळहळले. खरोखर हळहळले. मग थोडं थांबून म्हणाले, "बघ, तुला कसं वाटेल माहीत नाही, पण तुझा शेवट मिळालाय. सोळा वर्षं न चुकलेल्या बाईचा एक दिवस हिशेब चुकतो."

नाही म्हणायला तिला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारला की पुढे कारण सांगावं लागलं असतं. "हो सर," ती म्हणाली.

सायकलवाल्याने तालीम पाहिली. मग म्हणाला, "जबरदस्त आहे. मावशींना बोलावू नकोस."

पण आईने हट्टच धरला. शेवटी सायकलवाल्यानेच कुठून तरी चाकाची खुर्ची मिळवली. "मावशी, ब्रेक मी स्वतः घासलेत, बिनधास्त बसा."

"आणि नाही लागले, तर लोकांना सांग की हाही प्रयोगाचाच भाग आहे," आई म्हणाली. कित्येक आठवड्यांनी ती थट्टा करत होती.

तिला पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. निवेदकाने माईकवरून माहिती दिली, की कलाकार हे सगळं खरोखर डोळे मिटून करते, खूण कधीही चुकत नाही. मग दिवे मंद झाले. फूटपट्टी आली, स्टूल टेकवलं. पाऊल लाकडी मंचावर स्वच्छ वाजत होतं. ती पहाटेची आई चालली, पाहुणे आलेली आई चालली, तापातली आई चालली. चौथ्या वेळी ती चालली आणि अडखळली आणि पडली. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मागे भिंतीला टेकलेले सर डोळे पुसत होते.

लोक पांगले. सायकलवाला रिक्षा बघायला गेला. रिकाम्या हॉलमध्ये फूटपट्टी आईच्या खुर्चीशेजारी खाली बसली. आईची बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती.

"नऊ," आई म्हणाली.

"काय?"

"पाच आणि चार. पहिल्या तिन्ही खेपांना नऊ. चौथ्यांदा सहाव्याला पडलीस. मी मोजत होते. पुन्हा पुन्हा मोजलं, माझा माझ्यावर भरवसा नाही ना आता. पण नऊच."

मंच लहान आहे, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. फूटपट्टीच्या तोंडात ते वाक्य तयार होतं.

"स्टूल पाचावर ठेवतेस तू इथे," आई म्हणाली. "डोळे मिटून. त्या दिवशी घरी कसं ठेवलंस?"

फूटपट्टीने ते वाक्य गिळलं. "डोळे मिटून."

आईची बोटं मांडीवर थांबली. कोपऱ्यातला पंखा कोणीतरी बंद केला, आणि त्याची पाती थांबेपर्यंत तो पॉज चालला. तो कोणी दिलेला नव्हता.

"म्हणजे पाचच झाली होती," शेवटी आई म्हणाली. "मी सहावंच टाकत होते."

"हो."

"मी चुकले नव्हते."

"नाही आई. मी..."

"थांब जरा." आईने हात वर केला. तिच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते सुख होतं, आणि फूटपट्टीला ते बघवेना. "तुझं नंतर. आधी मला हे नीट कळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फूटपट्टी ओट्यापाशी असताना पलंग करकरला. आई उभी होती, कोणाचाही हात न धरता.

"काठी दे."

"कुठली?"

"आपल्याकडे छप्पन काठ्या आहेत का?"

फूटपट्टीने दारामागची पांढरी काठी काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती. आईने ती पुढे टेकवली, डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि मग पाऊल टाकलं. "एक." पुन्हा टेकवली, फिरवली. "दोन." सातला तिच्या डाव्या बोटांना स्टुलाची कड लागली. ती वळली. अकराला ओटा आला.

"अकरा," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता, पूर्वीसारखा.

मग ती परत फिरली. काठी पुढे, डावीकडे, उजवीकडे.

"आई, सगळं जागेवर आहे," फूटपट्टी म्हणाली. "मी काहीही हलवलेलं नाही."

"असेल," आई म्हणाली, आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी तिने काठी फरशीवर टेकवून पाहिली.