गव्यांनी अडवलेली शर्यत

सत्यशीलाबाई गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स. वय त्रेपन्न. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि त्या चालता चालता रनिंग क्लबात जाऊन पोचल्या. क्लबात सगळ्यात हळू त्याच. त्या पोचेपर्यंत बाकीच्यांचा घाम वाळलेला असायचा. मग सगळे उठून टाळ्या वाजवत. बाईंना त्या टाळ्या आवडत नसत, पण त्या तसं बोलून दाखवायच्या नाहीत.

यंदा जानेवारीत क्लबातल्या बापूरावांनी धानोऱ्याच्या पुढच्या टेकडीवर वेगळीच शर्यत ठेवली. बापूराव जंगलखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळ्यांच्या जुन्या वेळा काढून त्यांनी प्रत्येकाला सूट दिली. जो हळू तो आधी सुटणार, जो जोरात पळतो तो शेवटी. पाच किलोमीटर, सगळा चढ. अंदाज बरोबर निघाला तर धावणारे सहाही जण वर एकदमच पोचतील, असं त्यांचं म्हणणं.

बाईंना चोवीस मिनिटांची सूट मिळाली.

सकाळी पायथ्याशी एवढं धुकं होतं की रस्त्यापलीकडची धानाची बांधी दिसत नव्हती. बापूराव घड्याळ घेऊन आधीच वर गेले होते. सर्वांना सोडायचं काम प्रवीण सरांकडे होतं. ते शाळेत खेळाचे मास्तर, क्लबात सगळ्यात वेगवान, म्हणून सुटणार शेवटी.

"निघा बाई," सर म्हणाले. "मी येतोच तुमच्या मागं."

"आरामात या," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

पुढे कोणीच नाही, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. दहा पावलांपलीकडे रस्ता पांढऱ्यात विरघळत होता. मोहाच्या पानांवरून दव टपटपत होतं. त्यांनी श्वासाची लय धरली आणि ती सुटू दिली नाही. अर्ध्यावरचा दगड आला तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात त्या एकदाही चालल्या नव्हत्या.

दगडाच्या पुढे रस्त्यात काहीतरी काळं उभं होतं. आधी वाटलं, कुणाची म्हैस सुटली असेल. मग ते हललं, आणि गुडघ्यापर्यंतचे पांढरे पाय दिसले. गवा. त्याच्या मागे आणखी एक, आणखी दोन.

बाई जागीच थांबल्या. पळायचं नाही, ओरडायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. एकेक पाऊल मागे घेत त्या एका जाड मोहाच्या आडोशाला गेल्या. रस्त्याकडेच्या नालीत एक पिल्लू अडकलं होतं. वर यायला बघायचं आणि घसरायचं. आई त्याच्यापाशी उभी होती, म्हणून कळप हलत नव्हता.

थोड्या वेळाने मागून पावलं वाजली. धानोऱ्याचे गुणवंतराव, धान पिकवणारे शेतकरी, धापा टाकत आले. बाईंनी हात वर केला.

"काऊन थांबल्या जी?"

"हळू बोला. समोर पाहा."

गुणवंतरावांनी पाहिलं आणि तेही झाडामागे आले. मग बँकेत काम करणारी उर्वशी आली, तिच्यामागे आणखी दोघं. उर्वशीने खिशातून मोबाईल काढला तशी बाईंनी तिचा हात धरला. वॉर्डात घाबरलेल्या पेशंटचा धरतात तसा, घट्ट.

"फोटो नाई. उभी राह्य फक्त."

सगळ्यात शेवटी प्रवीण सर पोचले. आता सहाही जण एका झाडाआड. पुढचा मोठा गवा एकदा फुसफुसला, त्याची वाफ धुक्यात मिसळली. पिल्लाने आणखी एकदा जोर लावला, पुढचे पाय वर आले, मग मागचे. आईने त्याला चाटलं. कळप बांबूत शिरला आणि कडकड आवाज दूर जात जात थांबला.

आणखी पाच मिनिटं बाईंनी कोणालाच हलू दिलं नाही.

"आता शर्यतीचं कसं करायचं?" उर्वशीने विचारलं. "सगळेच इथी आहोत. सूट तर गेली पाण्यात."

"कायले जाईन?" प्रवीण सर म्हणाले. "रस्ता अर्धा उरला, सूट अर्धी द्यायची. बाईले बारा मिनिटं. मी मोजतो. जा बाई, तुम्हीच पयले."

"तुम्ही एकटेच मागं राहाल ना, सर."

"गवे गेले की. जा."

बाई निघाल्या. वरचा चढ खडा होता, मांड्या जळत होत्या. शेवटच्या वळणावर मागून पावलं ऐकू आली आणि त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. उर्वशी बाजूने पुढे गेली. अगदी दहा-बारा पावलं उरली असताना प्रवीण सरही गेले. बाई तिसऱ्या. त्यांच्यामागे चाळीस सेकंदांत उरलेले तिघेही आले.

बापूराव घड्याळाकडे बघतच राहिले. "वीस मिनिटं उशीर, आन् तरी सारे संगच? झालं काय?"

सगळे एकदमच सांगू लागले. ऐकल्यावर बापूराव घड्याळ विसरले. गवे किती, पिल्लू केवढं, कोणत्या बाजूला गेले, हेच विचारत बसले. "कोणी आरडलं असतं तर आई अंगावर आली असती," ते म्हणाले. "थांबवलं कोणं?"

"बाईनं," गुणवंतराव म्हणाले.

बाई तेव्हा एका दगडावर बसून बुटाची नाडी सोडत होत्या. गाठ सुटत नव्हती, कारण बोटं थरथरत होती. उर्वशी जवळ येऊन खाली बसली आणि तिनेच गाठ सोडली.

"बाई, भेव वाटला का?"

"तवा नाई वाटला," बाई म्हणाल्या. "आता वाटून राह्यला."

आणि त्या हसायला लागल्या. उर्वशीने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि थरथर थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.