चार भोकांचा बोर्ड

हॉलंडमध्ये मोबाइल चार्ज कसा करायचा, हा प्रश्न वऱ्हाड फळबाग प्रगती मंडळाच्या बैठकीत निघाला तेव्हा विषयपत्रिकेवर संत्र्याची फळगळ होती. फळगळ पुढच्या बैठकीवर ढकलली आणि चहा दोनदा होईस्तोवर एक्स्टेंशन बोर्डावर चर्चा झाली. पाऊस धड नाही, कापसाला भाव नाही, पेपरात रोज कोणीतरी गेल्याची बातमी, असे ते दिवस. अशा दिवसांत मंडळानं शेतकऱ्यांसाठी काहीतरी ठोस करायचं ठरवलं होतं. ठोस म्हणजे अभ्यास दौरा.

दौरा मे महिन्यात ठेवला. मे महिन्यात पाणी तुटलं तर लिंबाएवढं झालेलं संत्रं पटापट खाली पडतं, हे मंडळानंच पुस्तिकेत छापलं आहे. पण मंडळाचे प्रमुख भटकर साहेब यांची बायको शाळेत शिकवते आणि शाळेला सुट्टी मे महिन्यातच असते. वहिनी स्वखर्चानं सोबत येणार होत्या. स्वखर्च म्हणजे कोणाचा, हे विचारायची मंडळात पद्धत नव्हती.

जाणार होते तीन अधिकारी आणि आठ शेतकरी. आठांत एक बाई पाहिजे असा नियम, म्हणून चांदूर रेल्वेकडची सुभद्रा गावंडे. नवरा गेलेला, पोरगी लग्न होऊन सासरी, ही एकटी संत्र्याचा बगीचा सांभाळते. नवरा कसा गेला हे मंडळानं आस्थेनं विचारलं. साप चावून, म्हटल्यावर मंडळ जरा हिरमुसलं. आत्महत्यांच्या यादीत साप चावून मेलेला माणूस ना पात्र ना अपात्र. तरी बाई ती बाईच, म्हणून नाव पक्कं केलं. खरेदी समितीवरही तिलाच घेतलं, कारण तिथंही एक बाईची सही लागत होती.

बोर्ड घ्यायला समिती जीपनं अकोल्याला निघाली. अमरावतीत बोर्ड मिळत नाही असं नाही. पण मंडळाच्या तांत्रिक अधिकारी प्राजक्ता मॅडम यांचं माहेर अकोल्याला जठारपेठेत, आणि तिथं दुपारी रसाचं जेवण ठरलेलं होतं. समितीत साहेब, मॅडम, सुभद्रा आणि चौथे किसनराव. हे कायमचे प्रगतिशील शेतकरी. वावर बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं आणि स्वतः थायलंड करून आलेले. थायलंडात कोणतं पीक पाहिलं ते त्यांनी गावात अजून सांगितलेलं नाही.

जठारपेठेत शाहनवाजचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्यानं काउंटरवर लांबलचक, जाड वायरचा, सहा भोकांचा बोर्ड ठेवला.

"ये लेव साब. बारात में लगाव, हॉलंड में लगाव. मरनेवाला नहीं."

भटकर साहेबांनी तो हातात तोलला. "अहो, हा बॅगेत बसणार कसा? येताना सामान वाढतं."

शाहनवाजनं दुसरा काढला. "इसमें करंट का झटका आया तो खुद बंद होता. फोन बच जाता."

"बंद पडणारी वस्तू मंडळ घेत नाही."

"खरं हाय," किसनराव म्हणाले, "तशा मंडळात पहिलेच लय हायत."

साहेब सोडून सगळे हसले. प्राजक्ता मॅडम उशिरा हसल्या आणि लवकर थांबल्या.

मग शाहनवाजनं खालच्या खणातून डबी काढली. मुठीत मावेल एवढा पांढरा बोर्ड, वायर पोटात गुंडाळलेली, वर निळा दिवा आणि चार भोकं. साहेबांचा चेहराच उजळला. निळा दिवा त्यांनी तीनदा लावून पाहिला.

"हे आहे बघा. याला म्हणतात फॉरेनची वस्तू."

"साब, लोगां कित्ते जारे?" शाहनवाजनं विचारलं.

"अकरा."

"और छेद चार."

"मग?"

"मग काय नाही साब. मैं तो दुकानदार. तुमको एक छेद का मांगता तो एक का भी देता."

"सगळ्यांना एकदम कशाला लागेल?" प्राजक्ता मॅडम म्हणाल्या. "आळीपाळीनं लावायचं."

सुभद्रा दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. ती उठून काउंटरपाशी आली. "साहेब, मले रोज दिवसा एक भोक लागते. पहिलेच सांगून ठेवतो."

"तुमाले काहून व वैनी?" किसनराव म्हणाले. "तथून कोणाले फोन लावता?"

"मोटरले."

किसनराव पोट धरून हसले. शाहनवाज हसला नाही. असे मोबाइलवरचे स्टार्टर त्यानं स्वतः विकलेले. मोटरीच्या खोक्यात एक सिमकार्ड बसवलेलं असतं. वावरात लाइन, म्हणजे वीज, आली की खोकं आपल्या फोनवर निरोप पाठवतं, आपण उलटा फोन लावला की मोटर सुरू. ठिबक लागलेलं असेल तर मग माणूस चांदूरला असो की चंद्रावर, पाणी झाडाखाली पडतं.

पण सुभद्राचं दुखणं वेगळं होतं. विहीर सामाईक. एक दिवस तिची पाळी, एक दिवस तिचा दीर खुशालराव याची. सासऱ्यानं नियम घालून दिलेला: ज्याची पाळी त्यानं लाइन आल्यावर मोटर लावायची, दुसऱ्यानं एक बिडी संपेस्तोवर वाट पाहायची. बिडी संपली आणि मोटरीचा आवाज आला नाही, तर पाळी दुसऱ्याची. चुकलेली पाळी परत भेटत नाही. सासरा सावकाश बिडी ओढायचा. खुशालराव दोन झुरक्यांत संपवतो, आणि तिच्या पाळीच्या दिवशी तर लाइन यायच्या आधीच पेटवून बसतो.

"मंग ऑटोवर टाकून ठेवा ना मोटर," किसनराव म्हणाले.

"अन् त्याच्या पाळीले बी सुरू झाली मंजे? कुऱ्हाड घेऊन येते तो माह्या घरावर. फोन मागं ठेवाव तर घरी कोण हाय? अन् नंबर माहाच एक चढवेल हाय त्याच्यात. दुसरा चढवला असता तर दिरानं कवाच मागतला असता." ती शाहनवाजकडं वळली. "भाऊ, मले तथची पिन देता का एक? अलग? माहे पैसे मी देतो."

शाहनवाजनं डबे हुडकले. हॉलंडच्या भोकात जाणारी पिन दुकानात एकच निघाली. सुभद्रानं हात पुढं केला, पण साहेबांनी ती मधल्या मधे उचलली आणि बोर्डाच्या डबीत टाकली.

"गावंडेबाई, मंडळ असताना खाजगी पिन कशाला? बोर्ड सगळ्यांचा आहे. तुमचं दिवसाचं भोक पक्कं. माझा शब्द."

शाहनवाज बिल करता करता हळूच म्हणाला, "भाभी, शब्द में करंट कित्ता रहता, पहले चेक कर लेव."

सुभद्रानं सही केली. मग सगळे रस प्यायला गेले.

परदेशी जायच्या आधी अमरावतीत मंडळाच्या हॉलमध्ये निवासी प्रशिक्षण होतं. काटाचमचा कसा धरायचा, विमानात पट्टा कसा लावायचा, आणि हॉलंडच्या लोकांसमोर विड्याची पिचकारी का मारायची नाही. हॉलला नुकताच रंग दिलेला. ठेकेदारानं भिंतींसोबत प्लगची भोकंही रंगवून बुजवली होती. उरलं होतं एक, स्टेजच्या मागचं. साहेबांनी हर्षानं डबी उघडली. "उत्तम. तिकडं गडबड नको, इथंच सवय लागू द्या."

निळा दिवा लागला. मग वाटप झालं. पहिलं भोक साहेबांच्या सरकारी फोनला. दुसरं साहेबांच्या खाजगी फोनला. तिसरं प्राजक्ता मॅडमच्या लॅपटॉपला आणि तिसऱ्या अधिकाऱ्याला मिळून. चौथं भोक शेतकरी प्रवर्गासाठी राखीव. आठ माणसं, एक भोक. भांडणं होऊ नयेत म्हणून साहेबांनी फळ्यावर खडूनं वेळापत्रक लिहिलं: दिवसा कार्यालयीन वापर, शेतकरी प्रवर्ग रात्री.

हे वेळापत्रक वाचून एकाही शेतकऱ्याला नवल वाटलं नाही. आयुष्यभर हेच पाहिलेलं. कारखान्याला दिवसा, शेतकऱ्याला रात्री, आणि रात्री विंचूकाट्यात पाणी द्यायला गेलेला माणूस परत आला तर आला. सुभद्राचा नवरा रात्रीच्या लाइनवर मोटर लावायलाच गेला होता.

"साहेब, माह्या दिवसाच्या भोकाचं काय?" सुभद्रानं विचारलं.

"ते हॉलंडमध्ये. हे प्रशिक्षण आहे."

"आणि रातीचं?"

रात्रीचंही नव्हतं. बाई म्हणून तिची सोय मागच्या इमारतीत होती, तिथलीही भोकं रंगानं बुजलेली, आणि रात्री पुरुषांच्या हॉलमध्ये बाईनं येणं मंडळाच्या प्रतिमेला शोभणारं नव्हतं. बाहेर टपरीवर फोन लावून येतो म्हटलं, तर गेटवर शिपाई: आवार सोडायचं नाही. तिनं फोन किसनरावांजवळ दिला, रात्री तुमच्यासंगं लावा म्हणून. सकाळी किसनरावांनी तो तसाच परत दिला.

"वैनी, लय गर्दी होती भोकाले. माहाच अर्धा झाला."

त्या आठवड्यात तिच्या वावरची लाइन दिवसा होती, यायची दुपारी जेवणाच्या सुमाराला. त्या दिवशी पाळी तिची होती. उन्हानं झाडं कोमेजलेली, मागची एक पाळी तिकीट-पासपोर्टाच्या धावपळीत आधीच बुडालेली. ही बुडाली तर फळ गेलं, आणि फळ म्हणजे तिचं अख्खं वर्ष. फोनमध्ये लाल रेघ उरली होती. तीही विझली.

हॉलमध्ये तेव्हा साहेबांचं व्याख्यान सुरू होतं. विषय: हॉलंडची चमत्कारिक शेती. पडद्यावर एक गोरा शेतकरी आरामखुर्चीत बसून मोबाइलवर बोट ठेवत होता आणि दूर कुठंतरी पाणी सुरू होत होतं.

"बघा!" साहेब म्हणाले. "घरात बसून मोटर सुरू! आपल्या शेतकऱ्याची मानसिकता अशी बदलली पाहिजे. आपला शेतकरी कष्ट करतो, पण तंत्रज्ञानाला घाबरतो."

टाळ्या पडल्या. किसनरावांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

सुभद्रा उठली आणि पडद्याच्या उजेडातून सरळ स्टेजमागं गेली. चौथ्या भोकात, शेतकरी प्रवर्गाच्या राखीव भोकात, प्रशिक्षणालाही स्वखर्चानं आलेल्या वहिनींचा केस सरळ करायचा चिमटा लावलेला होता. तापून तयार. तो तिनं उपटला. त्याच्या शेजारचा साहेबांचा फोनही उपटला, कारण रागात माणूस एकावर थांबत नाही. मग आपला फोन लावला आणि तो जिवंत होण्याची वाट पाहत तिथंच उभी राहिली.

"गावंडेबाई! काय करून राहिल्या तुम्ही?" साहेबांचं पुस्तकी मराठी एका झटक्यात अमरावतीला परत आलं.

"मानसिकता बदलून राहिलो."

फोन उघडला. लाइन आल्याचा निरोप येऊन पडलेला होता, नुकताच. तिच्या डोळ्यांपुढं विहिरीच्या कठड्यावर बसलेला खुशालराव होता, ओठात बिडी. तिनं नंबर लावला. पलीकडून खोक्यातल्या बाईनं कोरड्या आवाजात सांगितलं, "मोटर चालू झाली आहे."

मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. ती खरी होती, म्हणून एकच होती.

लगेच खुशालरावचा फोन आला. इतका मोठ्यानं बोलत होता की पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. "वैनी, अर्धी बिडी फुकट घालवली तुमी माही!"

"अर्धी उद्याच्याले ठेवा, भाऊजी. उद्या तुमची पाळी हाय."

शिस्तभंग म्हणून सुभद्राचं नाव संध्याकाळपर्यंत कापलं गेलं. तिच्या जागी महिला प्रतिनिधी म्हणून वहिनी गेल्या. त्यामुळे स्वखर्चाचा प्रश्नही सुटला. प्राजक्ता मॅडम गेटपर्यंत सोडायला आल्या, काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, पण म्हणाल्या एवढंच, "ऑटो मिळेल ना तुम्हाला?" सुभद्रा म्हणाली, "भेटते. माहं गाव हॉलंडच्या अलीकडंच हाय."

दौरा यशस्वी झाला. ट्युलिप पाहिले, पवनचक्क्या पाहिल्या, बोर्डाचा निळा दिवा विमानतळावर सगळ्यांना दाखवला. परत आल्यावर अहवालाला फोटो लागले: हॉलंडचं तंत्र वऱ्हाडच्या मातीत. गेलेल्या सातही शेतकऱ्यांकडं ते तंत्र नव्हतं. मग पावसाळा सरता सरता, नाइलाजानं, मंडळाची जीप सुभद्राच्या वावरात आली.

झाडांवर फळ टिकलं होतं. ओझ्यानं वाकलेल्या फांद्यांना तिनं बांबूचे टेकू दिले होते. भटकर साहेबांनी आधी झाडांकडं पाहिलं, मग पायांकडं. फोटोग्राफरनं मोटरीच्या खोक्याजवळ साहेबांना उभं केलं, फोन कानाला लावून, जणू तेच पाणी सुरू करत आहेत. खाली आपलं नाव टाकतील का, असं सुभद्रानं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

मंत्रालयात लगेच पाठवायचा म्हणून साहेबांनी फोटो आपल्या दुसऱ्या, खाजगी फोनवर काढायला लावला होता. तिसऱ्या फोटोला तो फोन बंद पडला.

"बाई, जरा घरात लावता येईल का?" ते म्हणाले, आणि बॅगेतून तोच पांढरा मुठीएवढा बोर्ड काढला.

सुभद्रानं त्यांना घरात नेलं, भिंतीवरचं भोक दाखवलं. साहेबांनी हॉलंडची पिन काढून ठेवली, बोर्ड लावला, बटण दाबलं. दिवा लागला नाही. परत दाबलं.

"रातीची लाइन हाय या हप्त्यात, अन् गावची बी संध्याकाळपर्यंत बंद," सुभद्रा म्हणाली. "लावून ठेवा. चारही भोकं तुमचेच हायत."