मोगऱ्याला किती घालायचं

सावडून आल्यावर अप्पांनी आईच्या रक्षेचं मडकं अंगणात ठेवलं आणि सांगितलं की ही नदीत सोडायची नाही, मोगऱ्याला घालायची. देवळाली प्रवरात हल्ली बरेच जण रक्षा शेतात खड्डा घेऊन घालतात आणि वर आंब्याचं नाहीतर नारळाचं रोप लावतात. त्यामुळे कल्पनेला कोणाची हरकत नव्हती. माझी होती, कारण मोगरा कुंडीत होता.

कुंडी म्हणजे निळ्या ड्रमचा कापलेला खालचा भाग. तो गच्चीवर होता आणि त्यातला मोगरा आईचा होता. आई गेल्यापासून अप्पा सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोर बसत. घरात दुसरीकडे कुठे ते बसत नव्हते, जेवायलासुद्धा नाही. मोगरा वाळला तर ते कशासमोर बसतील, हे मला सुचत नव्हतं. माझा मुद्दा एवढाच होता. पण असं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी क्षारांबद्दल बोलले.

"राखेत क्षार असतात. शेतात जमीन मोठी, पाऊस पडतो, ते पसरून जातात. ड्रममध्ये जाणार कुठे? मुळं जळतात. शिवाय मोगऱ्याला जराशी आंबट माती लागते. राखेनं उलटं होतं, पानं पिवळी पडतात."

गोरक्षमामा, आईचा धाकटा भाऊ, ऊस पिकवतो. खताच्या बाबतीत गावात त्याला विचारतात.

"राख म्हंजी पोटॅशच की गं, मोना," तो म्हणाला. "फुलाला पोटॅशच लागतं. आता नुसतं तेवढ्यानं भागायचं न्हाई, ते खरं. वरून थोडं दहा-सव्वीस-सव्वीस देऊ."

"मामा, तो ऊस नाहीये."

"आक्का बी हेच म्हनायची," मामा म्हणाला.

अप्पांनी मला विचारलं, "किती चालंल?"

"एक चमचा. आधी पाणी घालून माती ओली करायची. मग बुंध्यापासून लांब, कडेकडेनं."

"चहाचा का भाजीचा?"

"चहाचा."

"आक्काला चमच्यानं घालती व्हय गं?" मामा म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

"लोकं गच्चीवर येत न्हाईत," अप्पा म्हणाले.

उरलेली रक्षा उसात पसरावी, असं मामाचं मत पडलं. आईला उसाच्या पानांवरची बारीक कूस टोचायची, त्यामुळे अप्पांना ते पटलं नाही. शेवटी विहिरीजवळ खड्डा घेऊन नारळ लावला. रोप मामानं निवडलं. अप्पा तिकडे पुन्हा फिरकले नाहीत. चमचाभर मात्र त्यांनी स्वतः घातली. चमचा कडेला आपटून रिकामा केला, धुतला आणि इतर चमच्यांत न ठेवता खिशात ठेवला.

दहाव्यानंतर मी नगरला, माझ्या घरी परतले. आठवड्याच्या आत अप्पांचा फोन आला.

"पानांच्या कडा करपल्यात. चमचाभरच घातली हुती ना आपन?"

फोटो पाठवायला सांगितला. त्यात अर्धा त्यांचा अंगठा आला, पण उरलेल्या अर्ध्यावरून समजलं. चमचाभर राखेनं इतकं होत नाही. मी सुट्टी टाकून निघाले.

मातीवर पांढरी साय धरली होती. मी वाकून बघत होते तेव्हा मामा जिन्यात येऊन उभा राहिला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

"मूठभरच टाकला युरिया," तो म्हणाला.

"कधी?"

"दहाव्याला. समदी खाली जेवत हुती."

"माती कोरडी होती?"

"कोरडीच की." तो कठड्याकडे बघत राहिला. "ते चमच्याचं मनाला लागलं हुतं. काय तरी नीट करावं म्हनलं."

अप्पा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "आता गं?"

उपाय एकच होता, तो मी सांगितला. वरची साय खरवडून काढायची आणि पाणी घालायचं. खालच्या भोकांतून वाहेपर्यंत घालायचं, निथळू द्यायचं, परत घालायचं. युरिया पाण्याबरोबर निघून जातो.

"म्हंजी ती बी जाईल," अप्पा म्हणाले.

"हो."

"येगळं न्हाई करता येत?"

"नाही, अप्पा."

अप्पांनी एक करपलेलं पान तोडलं, बोटांत चुरलं. मामानं नाक पुसलं आणि मी ते न पाहिल्यासारखं केलं.

"न्हाईतर वाळंल?" अप्पांनी विचारलं.

"बहुतेक."

"पाइप आन, गोरक्ष," अप्पा म्हणाले.

पाणी त्यांनीच धरलं, धार बारीक ठेवून, जसं आई धरायची. भोकांतून आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग फिकट, मग स्वच्छ. ते गच्चीच्या पन्हाळीतून खाली गाईसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यात पडत होतं. स्वच्छ झाल्यावरही अप्पा थांबले नाहीत. मी कॉक बंद केला.

"घास कापू नका लगीच," मामा म्हणाला. "गाईला बाधंल. युरियाचं पानी हाय."

"ते बरं म्हाईत हाय तुला," अप्पा म्हणाले.

पुढे सगळी पानं गळाली. नुसत्या काड्या उरल्या. अप्पा काड्यांसमोर बसत. मी फोनवर काही विचारत नव्हते आणि ते सांगत नव्हते. बाजरीचे भाव, लाइटची वेळ, असं बोलून आम्ही फोन ठेवायचो.

चैत्र लागल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "फुटवा आलाय. बुंध्याला."

"मोठा?"

"मुगायेवढा." मग म्हणाले, "थोडं शेनखत घालू का? जुनं हाय, कुजलेलं."

"आत्ता काहीच नको. मुळं अजून दुखावलेली आहेत. पानं मोठी होऊ द्या. बोट खुपसून बघायचं, माती सुकली असेल तरच पाणी."

"बरं." फोनमध्ये मागे कोणीतरी खाकरलं. "गोरक्ष आलाय. त्यो इचारतोय, त्यानं काय करायचं."

"काही करायचं नाही, म्हणावं."

"कायच न्हाई करायचं, म्हनती," अप्पांनी तिकडे सांगितलं. मग बादली सरकवल्याचा आवाज आला. "ही पालथी घाल आन् बस."

थोडं थांबून ते मला म्हणाले, "बसलाय."