नाकारू नये

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा मेल-सर्व्हर ती एकटीच सांभाळायची. सोमवारपासून पाणीखात्याला पाठवलेला प्रत्येक अहवाल परत येत होता. कारण एकच: तुमचा सर्व्हर स्वतःचं जे नाव सांगतो, ते त्याच्या पत्त्याशी जुळत नाही.

पाणीखात्याचा सर्व्हर होता तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे. तिने फोन लावला.

“दाजी, आमचं इंटरनेट कनेक्शन बदललंय. नव्या पत्त्याशी नावाची नोंद व्हायला पंधरा दिवस लागतील. तोवर मेल घ्या ना.”

“नियमात बसत नाही.”

“बसतं! ईमेलच्या मानकात स्पष्ट लिहिलंय. नाव हवं तर पडताळा, पण जुळलं नाही एवढ्यावरून मेल नाकारू नये. ‘नये’, दाजी!”

“त्याच मानकात पुढे वाच. सर्व्हर चालवणाऱ्याला पटेल त्या तांत्रिक कारणासाठी मेल नाकारता येतो. मला हे कारण पटतं.”

“म्हणजे आधी मनाई केलेलंच पुढच्या कलमाखाली करायचं?”

“मानक काय मी लिहिलंय?”

तिने कपाळावर हात मारून घेतला. पुढचे तीन दिवस दोघं एकमेकांना तीच दोन वाक्यं वाचून दाखवत राहिले. बहीण वैतागून म्हणाली, “मला मध्ये ओढू नका. हे जेवतानाही ‘नये’ आणि ‘येतो’ करतायत.”

गुरुवारी शाळेजवळच्या टाकीत जंतू सापडले. तो अहवालही परत आला. फोन केला तर पाणीखात्याचा अभियंता म्हणाला, “लेखी द्या.” तिने कागद छापला, रिक्षा केली आणि पाणीखात्याच्या दारातच भेटलेल्या दाजींच्या हातात ठेवला. त्यांनी तो वाचला, आणि अभियंत्याकडे दोन जिने धावत चढले. पाव तासात टाकी बंद झाली.

खाली येऊन धापा टाकतच त्यांनी सर्व्हरची सेटिंग बदलली. “तुझं बरोबर आहे म्हणून नाही हं. मला पटलं तर नाकारता येतं, तसं घेताही येतं.”

“मग हे सोमवारी का नाही पटलं?”

दाजी म्हणाले, “पाणी घेतेस?”

“कुठल्या टाकीचं?”

शुक्रवारी एकही अहवाल परत आला नाही. तिने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच पाणीखात्याच्या लिपिकबाईंचा फोन आला. “आजचे अहवाल कुठायत?”

शोधल्यावर सापडले; सगळे स्पॅममध्ये.

“दाजी!”

“घेईन म्हणालो होतो,” ते म्हणाले. “घेऊन कुठे ठेवायचं, ते मी ठरवतो.”

नोंद होईपर्यंत ती रोज अकरा वाजता लिपिकबाईंना फोन करून स्पॅम उघडायला सांगत राहिली.