बॉनेटला टेकलेला गाल

"बाबा, तुम्ही गाड्यांचे मुके घेता का?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं आणि स्वतःच तोंडावर हात दाबून फिदीफिदी हसायला लागली. सुटली एकदाची! टाचणी आणि चष्मिष या तिच्या जिवलग मैत्रिणींनी काल शाळा सुटताना हा प्रश्न तिच्या गळ्यात मारला होता. वर्कशॉपवरून जाताना त्या दोघींनी म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. भिंगरीचे बाबा एका गाडीवर वाकले, बॉनेटला गाल टेकवला, डोळे मिटले आणि तसेच राहिले.

"अगं, आमचे बाबा आईकडेसुद्धा इतक्या प्रेमाने बघत नाहीत," असं टाचणी म्हणाली, तेव्हा तिघी भर रस्त्यात पोट धरून हसल्या होत्या. मग पैज लागली. भिंगरीने बाबांना विचारायचं आणि उत्तर आणून सांगायचं. नाही आणलं, तर सहामाही संपेपर्यंत तिघींची दप्तरं तिने एकटीने वाहायची.

पण आत्ता तिच्याशिवाय कुणीच हसलं नाही. बाबांचा घास हातातच राहिला. आई भांडी पुसत होती, ती पुसून झालेलंच भांडं पुन्हा पुसायला लागली.

"घेतो की," शेवटी बाबा म्हणाले. "पण फक्त काळ्या गाड्यांचे. पांढऱ्या गाड्या फार भाव खातात."

भिंगरी खो खो हसली. आईने मात्र भांडं फळीवर ठेवलं आणि मागच्या खोलीत निघून गेली.

ती मागची खोली म्हणजे आईचं राज्य. बाबा गाड्या चमकवायचे, पण ज्याने चमकवायचे ते पॉलिश आई बनवायची. पावडरपेक्षा बारीक भुकटी, तेल, पाणी, आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तेलापाण्याला एकत्र नांदवणारं कसलंसं औषध. हे सगळं मोजायचं, घोटायचं, सायीसारखं दाट झालं की बरण्यांत भरायचं. प्रयोग करायला भिंतीशी मोटारीचा एक जुना दरवाजा टेकवून ठेवलेला होता. तो कुठेच उघडत नसे, पण घरातली सगळ्यात चकचकीत वस्तू तीच. भिंगरी लहानपणापासून त्यात बघून वेणी घालत आली होती.

"हल्ली तुझं पॉलिश आळशी झालंय हं," बाबा अधूनमधून म्हणत. "पूर्वी दोन हात फिरवले की ओरखडे पळायचे. आता चार फिरवावे लागतात."

"रंगाला बरं असतं ते," आई म्हणे आणि विषय संपवी.

आज अर्ध्या दिवसाची शाळा होती आणि वर्कशॉपमध्ये मोठ्या बाईंची, म्हणजे भिंगरीच्या मुख्याध्यापिकेची, काळी कुळकुळीत गाडी आली होती. मग काय, जेवण होताच भिंगरी बाबांच्या मागे लागून तिथे हजर!

"हात लावायचा नाही," बाबांनी बजावलं.

"नाही लावत. नुसती बघते. बाईंच्या गाडीवर केवढे ओरखडे हो! आमच्या वहीवर जरा रेघ ओढली की केवढ्या ओरडतात."

बाबांनी दाराच्या कडांवर चिकटपट्टी लावली. कडेला रंगाचा थर पातळ असतो. मशीन तिथे रेंगाळलं की रंग तापतो आणि वरचा पारदर्शक थर जळून जातो. मग जगातलं कुठलंच पॉलिश कामाचं नाही, अख्खं दार नव्याने रंगवावं लागतं. हे भिंगरीला पाढ्यांसारखं पाठ होतं. बाबांनी स्पंजच्या चकतीवर पॉलिशचे थेंब टाकले आणि मशीन सुरू केलं. घूंऽऽ असा आवाज अख्ख्या जागेत भरला. ओरखड्यांचं जाळं विरत गेलं आणि काळ्या रंगात छतावरचे दिवे एकेक करून उगवले. भिंगरीला दर वेळी वाटे, बाबा चमक लावत नाहीत, आत बुडालेली वर काढतात.

मशीन थांबलं. बाबा वाकले. बॉनेटला गाल टेकवला. डोळे मिटले.

"बाबा! खरंच घेता की हो!"

"गप गं. किती तापलंय ते बघतोय."

मग काम दारावर आलं. हँडलच्या मागे पत्र्याला खोलगट बाक होता. तिथे बाबांचा गाल काही पोचेना. त्यांनी मान वाकडी केली, टोपी काढली, शेवटी नाद सोडून नुसती बोटं टेकवली आणि मान डोलावली. मशीन पुन्हा सुरू झालं. भिंगरीला तेवढ्यात दिसलं, कडेची पट्टी सुटून लोंबत होती. ती धावली. बाबांनी मशीन उचललं तेव्हा तिने पट्टी दाबायला हात लावला आणि—

"आई गं! बाबा, थांबा! केवढं तापलंय!"

"छे. गार आहे."

"गार? चटका बसला मला! हात लावून बघा."

"हा काय, लावलाय ना."

मशीनची चकती फिरत फिरत थांबली. भिंगरीने बाबांच्या बोटांकडे पाहिलं. ती अजून त्याच जागेवर टेकलेली होती, निवांत.

बाबांनी घाईघाईने पांढरं फडकं घेऊन कड पुसली. फडक्यावर रंगाचा काळा डाग उतरला असता, तर मोठ्या बाईंच्या गाडीचे आणि बाबांच्या नावाचे एकदमच बारा वाजले असते. फडकं पांढरंच निघालं. बाबा मटकन स्टुलावर बसले.

"आधी मुंग्या यायच्या," ते म्हणाले. "मशीन बंद केलं तरी हातात ते चालूच राहायचं. मग मुंग्या गेल्या. मला वाटलं, बरं वाटतंय. नंतर कळलं, बोटांना काहीच कळेनासं झालंय. गालाला कळतं, म्हणून गाल लावतो."

"आईला सांगितलंत?"

"मुळीच नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. जीव टांगणीला लागेल तिचा."

"बाबा, गुपित? माझ्याकडे?"

"तेही खरंच," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसली.

घर येईपर्यंत ते गुपित टिकलं. मागच्या खोलीत आई जुन्या दरवाजावर पॉलिश घासत होती. भिंगरी उंबऱ्यातच म्हणाली, "आई, बाबांच्या बोटांना..."

"माहितीये मला."

"कसं काय?"

"चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरून बसतात आणि ओठ पोळला की मग म्हणतात, गरम आहे." आईने फडक्याची घडी बदलली. "बरेच दिवस झाले त्याला."

भिंगरीने आज हँडलपाशी बसलेल्या चटक्याचंही सांगून टाकलं. "मग बोलली का नाहीस तू?"

"बोलणार होते गं. पण त्यांना ते लपवायला किती कष्ट पडत होते ते बघितलं, आणि जीभच रेटेना. म्हणून इथे बोलले." तिने दरवाजावर हलकेच टिचकी मारली. "तेल वाढवलं, भुकटी आणखी बारीक केली. घासायला वेळ जास्त लागतो, पण रंग तापत नाही लवकर. मशीनही दाबून धरावं लागत नाही. निम्म्या बरण्या फेकल्या तेव्हा कुठे जमलं. आज हँडलपाशी ते इतका वेळ रेंगाळले असतील, तर त्यालाही ते पुरलं नाही."

"पण कड वाचली आई! फडकं पांढरं होतं! जुनं पॉलिश असतं तर?"

"तर बाईंचं दार गेलं असतं."

भिंगरी त्या चकचकीत दरवाजात बघत उभी राहिली. आळशी म्हणे! एवढे दिवस तिच्या नाकासमोर एक जण गाल टेकवून काम रेटत होता आणि दुसरी त्या गालासाठी भिंतीशी बसून घासत होती. कुणी कुणाला चकार शब्द बोललं नव्हतं. आणि या सगळ्यातून तिची शाळा चालली होती, तिची वेणी घातली जात होती, तिचा दंगा खपवून घेतला जात होता. तिला एकदम आईला मिठी मारावीशी वाटली. तिने मारलीच. आईच्या हातांचं तेल युनिफॉर्मला लागलं ते लागलंच.

संध्याकाळी बाबा आले ते खुशीत. मोठ्या बाई गाडी घेऊन गेल्या होत्या. "दारात वाकून बघितलं, केस सारखे केले, आणि म्हणाल्या, उत्तम." बाबांच्या गालावर पॉलिशचा पांढरा ठिपका वाळला होता. आईने चहाचा कप पुढे केला आणि बाबांनी तो धरायच्या आत म्हणाली, "गरम आहे हं. बोटांना कळायचं नाही."

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग भिंगरीकडे.

"मी नाही सांगितलं! म्हणजे सांगणार होते, पण तिला आधीच माहीत होतं. आणि तुमचं ते आळशी पॉलिश आहे ना, ते तुमच्यासाठीच आहे!"

बाबांनी कप हातात घेतला. तो खाली ठेवून त्यांनी आईचा तेलकट हात आपल्या गालाशी नेला आणि बॉनेटला टेकावा तसा गाल त्याला टेकवला. भिंगरीने नजर फिरवायला हवी होती, पण ती कसली फिरवतेय!

मग ती उठून उभी राहिली. वर्गात भाषण करताना राहते तशी, पाय जुळवून.

"ऐका. मी ठरवलंय. सोमवारी शाळा सुटली की आपण तिघं डॉक्टरांकडे जायचं. विचारत नाहीये, सांगतेय. आणि ते काय म्हणतात ते कळेपर्यंत गाल पोचत नाही अशा ठिकाणी माझा हात. मी गार म्हटल्याशिवाय मशीन लागणार नाही."

"बरं, बाईसाहेब," बाबा म्हणाले. "झालं?"

"नाही. सोमवारपासून सकाळी मला लवकर निघावं लागेल. टाचणी आणि चष्मिषच्या घरावरून जायचंय, त्यांची दप्तरं घ्यायला."

"दप्तरं? ती कशाला?"

"पैज हरले," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला एक प्रश्न विचारायचा होता. त्यांना सांगणार आहे, मी विचारलाच नाही."