मॅचच्या सकाळी मियोक

मानगिल प्यो मियोक पिकवायचा. बुसानला लागून असलेल्या किजांगच्या समुद्रात दोरांना लोंबणारं ते हिरवंकाळं शेवाळ कापायचं, वाळवायचं, बाजारात धाडायचं, यातच त्याचा जन्म गेला. गच्चीवर मियोक, अंगणात मियोक, गाडीलासुद्धा त्याचाच वास. पण मुलाची टेनिसची मॅच असली की त्या घरात मियोकचं नाव काढायचं नाही, असा त्याच्या बायकोचा, मीरानचा, कायदा होता. बुळबुळीत वस्तू ती! परीक्षेच्या नाहीतर सामन्याच्या दिवशी पोटात गेली की माणूस घसरलाच म्हणून समजा. आणि वाढदिवसाला मात्र मियोकचं सूप प्यायलं नाही, तर तो वाढदिवस कसला?

आता हे दोन्ही दिवस एकाच सकाळी आले तर काय करायचं, ते मानगिलला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारी मीरान लेकीच्या बाळंतपणासाठी उल्सानला जाऊन बसली होती.

त्या दिवशी मुलाला, हानसोलला, वीस वर्षं पूर्ण होत होती, आणि त्या विसाचंच मानगिलच्या छातीवर ओझं होतं. गेल्या उन्हाळ्यात पोरगा कुठल्याशा पहिल्याच फेरीत मार खाऊन परत आला, तेव्हा मानगिलचं डोकं फिरलं होतं. "विसाव्या वाढदिवसापर्यंत मोठ्या स्पर्धेत एक, फक्त एक मॅच जिंकून दाखव," तो कडाडला होता. "नाही जमलं तर रॅकेट माळ्यावर. आधी फौजेतली सक्तीची नोकरी उरक आणि मग गुमान होडीवर ये!" पोरगा भांडेल, आदळआपट करेल असं त्याला वाटलं होतं. हानसोल नुसतं "बरं" म्हणाला. त्या "बरं"ने मानगिलची झोप उडवली. पण बापाने बोललेला शब्द गिळायचा कसा? त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही, आणि हानसोल पहिल्या फेरीत हरत राहिला.

शेवटची संधी घरच्याच मैदानात आली. बुसानच्या स्पर्धेत आयोजकांनी त्याला खास प्रवेश दिला. पण नशीब बघा, पहिलाच सामना पहिल्या मानांकित होराकशी! हा चेक गडी, सव्वासहा फूट उंच, नुकत्याच दोन स्पर्धा खिशात घालून आलेला. आणि सामन्याचा दिवस नेमका वाढदिवसाचा.

मानगिल पहाटे उठला. आयुष्यात कधी चुलीपुढे उभा न राहिलेला माणूस, पण म्हटलं, आई इथे नाही, पोराचा वाढदिवस कोरडा कशाला जाऊ द्यायचा? आपल्याच दोरावरचं कोवळं मियोक त्याने भिजवलं, तिळाच्या तेलात गोमांस परतलं, सोयासॉस ओतला, चव बघितली, आणखी ओतला. हानसोल खाली आला, वाडग्याकडे बघून क्षणभर थबकला आणि मग मुकाट्याने बसून प्यायला लागला. दुसरा वाडगाही त्याने मागून घेतला. मानगिल मनातून खूश झाला.

तेवढ्यात मीरानचा फोन आला.

"जेवला का तो?"

"दोन वाडगे सूप रिचवलंय."

"कसलं सूप?"

तेव्हा कुठे मानगिलला बायकोचा कायदा आठवला. हातातला डाव तसाच हवेत राहिला.

"अहो, कसलं सूप?"

"वाढदिवसाचं," तो कसाबसा म्हणाला.

पलीकडून जी किंकाळी आली, तिने लेकीचं बाळसुद्धा रडायला लागलं. "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? मॅचच्या दिवशी? आजच्या मॅचच्या दिवशी? पोराला मुद्दाम घसरवायचंय का तुम्हाला?"

मुद्दाम! तो शब्द मानगिलच्या काळजात घुसला. पोरालाही तसंच वाटलं असेल तर? बापाला मी होडीवरच हवाय, म्हणून सामन्याच्या सकाळी हे माझ्यापुढे ठेवलं, असं? त्याने वळून बघितलं. हानसोल बुटांच्या नाड्या बांधत होता. "निघतो अप्पा," एवढंच म्हणाला.

मैदानावर मानगिलच्या शेजारी दोकसू येऊन बसला. दोघांच्या होड्या शेजारीशेजारी, तरुणपणापासूनची दोस्ती. मानगिलने सगळं सांगितल्यावर दोकसूने कपाळावर हात मारून घेतला.

"तू बाप आहेस की होराकचा प्रशिक्षक रे?"

"गप बस."

"गप कसला बसतोय! वर आणि दोन वाडगे!"

पहिला सेट होराकने चुटकीसरशी खिशात घातला, सहा-एक. हानसोल हातपाय बांधल्यासारखा खेळत होता. चेंडू जाळीत, चेंडू बाहेर. प्रत्येक चुकीला मानगिलला आपल्या हातातला तो सुपाचा डाव दिसत होता. दुसऱ्या सेटमध्ये पोरगा जिवाच्या आकांताने चिकटून राहिला खरा, पण चार-पाचवर मागे असताना, स्वतःच्याच सर्व्हिसवर, तीस-तीस झालं. होराकने जाळीजवळ हलकेच एक चेंडू सोडला. हानसोल जिवाच्या कराराने धावला, पाय सरकला आणि तो सपशेल आडवा झाला.

घसरला! अख्ख्या मैदानात हळहळ उठली. दोकसूने डोळे मिटून घेतले. होराकचा मॅच पॉइंट.

हानसोल गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याने वर, नेमकं बापाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. चूक झाली, म्हणून माफी मागणारी ती नजर होती. पोरगा माझी माफी मागतोय? माझी? सूप मी केलं, अट मी घातली, आणि माफी हा मागतोय?

तो ताडकन उभा राहिला. आजवर एकाही मॅचला ज्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं, तो माणूस समुद्रात दुसऱ्या होडीला हाक मारावी तशा आवाजात ओरडला, "हानसोल! ती अट गेली खड्ड्यात! हर नाहीतर जिंक, तू खेळत राहा! होडीवर मी आहे अजून! मेलेलो नाही!"

सगळं मैदान त्याच्याकडे वळलं. खुर्चीवरच्या पंचाने माइकमधून शांत राहायला सांगितलं. दोकसूने त्याचा सदरा ओढला. "खाली बस, बाबा! हाकलतील आपल्याला!"

मानगिल धपकन बसला. छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता हरला तरी हरकत नाही. खरंच नाही. कित्येक महिन्यांत असा मोकळा श्वास त्याने घेतला नव्हता.

आणि खाली कोर्टवर हानसोल आ वासून उभा होता. मग तो हसला. मॅच पॉइंट समोर उभा असताना खांदे हलवत हसला, चेंडू दोनदा आपटला आणि अशी सर्व्हिस हाणली की होराकने रॅकेट लावायच्या आत चेंडू मागच्या फळीवर जाऊन आदळला.

त्यानंतरचा हानसोल वेगळाच होता. मघाशी जो चेंडू भीत भीत आत ठेवायचा, तोच आता रेषेवर मारायला लागला. कधी बाहेर गेला तर मान हलवून पुढचा. टायब्रेक त्याने घेतला. तिसऱ्या सेटमध्ये होराकचीच भंबेरी उडाली, तो स्वतःवरच खेकसायला लागला. सहा-तीन! शेवटचा चेंडू होराकच्या रॅकेटच्या कडेला लागून आभाळात गेला, तेव्हा दोकसू बाकावर चढून नाचत होता आणि मानगिल दोन्ही हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडत होता. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"काय सांगत होतास? सुपाने घसरतात?" दोकसूने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"मी कुठे सांगत होतो? तूच सांगत होतास!"

परतताना गाडी मानगिल चालवत होता. हानसोलच्या ढोपराला पट्टी बांधलेली होती. मीरानचे फोनवर फोन येत होते आणि मानगिल ते उचलत नव्हता. शेवटी त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "सकाळी सूप बघून थबकलास ना तू?"

"हो."

"तुला आठवलं होतं आज मॅच आहे म्हणून?"

"अप्पा, मॅच माझीच होती!"

"मग प्यायलास कशाला, गाढवा? नको म्हणायचंस!"

हानसोल काचेबाहेर बघत म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी पहिल्यांदा काहीतरी शिजवलं होतं. नको कसं म्हणणार?"

मानगिलने गाडी कडेला घेतली. नाक पुसलं, डोळे पुसले आणि मग बराच वेळ उगाचच आरसा सारखा करत बसला.

"परवा दुसरी फेरी आहे," तो म्हणाला. "सकाळी काय खाशील? अंडी करू?"

"सूपच करा," हानसोल म्हणाला. "फक्त सोयासॉस एकदाच ओता. पहिला सेट मी तहानेनेच हरलो."