पाच मिनिटं ब्लोअर

"किती वेळा दाबलंस रीसेट?" बर्नर बाहेर ओढत मिस्त्रींनी विचारलं.

"दोनदा."

"खरं बोल."

"चारदा," हॉस्पिटलचा बॉयलर ऑपरेटर पुटपुटला. सगळे त्याला घाईराव म्हणत. "पेटतच नव्हता, मी तरी काय करू?"

मिस्त्रींनी आत टॉर्च मारला. भट्टीच्या तळाशी न जळलेलं तेल चकाकत होतं. ठिणगी पाडणाऱ्या टोकांवर काजळी बसलेली, आणि हा पठ्ठ्या दर खेपेला तेलाचा फवारा सोडत बसला होता. त्यात ठिणगी पडली असती तर भिंतीसकट सगळं उडालं असतं.

आज मिस्त्रींची सुट्टी होती. वरच्या मजल्यावर त्यांच्या बायकोचं अकराला ऑपरेशन होतं. तिच्यासाठीची हत्यारं पहाटेच बॉयलरच्या वाफेवर निर्जंतुक झाली होती. तिच्यानंतरच्या चार पेशंटची हत्यारं वाफेविना अडली म्हणून त्यांना तिच्या उशापासून उठवून खाली आणलं होतं.

काठीला चिंध्या बांधून त्यांनी तेल टिपलं, टोकं घासली, फवाऱ्याचं नॉझल उघडलं. घाईरावानं टाचणी पुढे केली.

"ठेव ती! भोक वाढलं की फवारा वाकडा. डिझेलमध्ये बुडव नुसतं."

हात झरझर चालत होते, पण कान जिन्याकडे. बर्नर जागेवर बसतोय तोच मुलगी धावत खाली आली.

"बाबा, चला! आत्ताच नेतायत आईला. अर्धा तास आधीच."

"तुम्ही जा हो," घाईराव म्हणाला. "मी पेटवतो."

"आधी ब्लोअर किती वेळ चालवशील?"

"चालवतो की... मिनिटभर."

आतली तेलाची वाफ बाहेर फुंकून टाकायला ब्लोअरला पुरती पाच मिनिटं लागतात. मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"तिला सांग, आलोच."

ब्लोअर घोंघावू लागला. मिस्त्री दारापर्यंत जात, परत येत.

"झालं की आता," तिसऱ्या मिनिटाला घाईराव म्हणाला.

"नाही झालं."

पाच झाली. बटण दाबलं. काचेपलीकडे ज्योत धरली, स्थिरावली. मिस्त्री पळत सुटले.

वर पलंग रिकामा होता. मुलगी ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराशी उभी होती.

"आत्ताच नेलं, बाबा."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, त्यांना पळवू नकोस, जिन्यात धाप लागते."

मिस्त्री बाकावर टेकले, उठले, पुन्हा टेकले.

"हात तरी धुऊन या," मुलगी म्हणाली. कोपरापर्यंत तेल आणि काजळी होती.

"तेवढ्यात दार उघडलं तर?"

दार उघडलं तेव्हा दुपार कलली होती. "नाही वाचवता आलं," डॉक्टर म्हणाले. मिस्त्री उभे राहिले, पण पुढे झाले नाहीत.

"असे कसे जाऊ तिच्याजवळ?" ते म्हणाले.

मुलीनं त्यांना नळापाशी नेलं. साबण लावून ती त्यांचं एकेक बोट धुऊ लागली. त्यांनी दुसरा हातही पुढे केला.